शेतकऱ्यातला ‘ऱ्या’ नीट टाइप कसा करायचा? (नवीन लोकांसाठी, अगदी पहिल्यापासून)

आधी हे पाच शब्द नीट बघा.

शेतकऱ्यांना
शेतकर्‍यांना
शेतकर्यांना
शेतकऱयांना
शेतक-यांना

पहिले दोन तुम्हाला बहुतेक सेमच दिसतायत, तिसऱ्यात रफार डोक्यावर चढलाय, चौथ्यात र च्या खाली एक टिंब आलंय आणि पाचव्यात सरळ डॅश मारून काम उरकलंय. हे पाचही प्रकार मराठीत इंटरनेटवर रोज दिसतात, बातम्यांत दिसतात, नोटिशींत दिसतात, लग्नपत्रिकांत तर विचारूच नका. आणि कॉम्प्युटरच्या लेखी हे पाच वेगवेगळे शब्द आहेत. पहिले दोनसुद्धा.

मी यात कसा अडकलो ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे एक छोटं वाचनालय आहे, त्याची पुस्तकांची यादी शीटमध्ये (एक्सेलसारख्या) चढवायची होती, चार-पाच जणांनी वाटून घेतली, कुणी मोबाईलवर केलं, कुणी जुन्या टायपिंगवाल्या पद्धतीने, कुणी जुनी फाईल कन्व्हर्ट करून चिकटवली. सगळं झाल्यावर मी ‘वऱ्हाड’ सर्च केलं तर मोजून चार पुस्तकं आली आणि समोर कपाटात तर अख्खा खण भरलेला! स्पेलिंग तपासलं, बरोबर. परत तपासलं, बरोबर. एक संध्याकाळ गेली तेव्हा कळलं की काहींचं वऱ्हाड सहा कोडचं आहे आणि काहींचं सात कोडचं, आणि तो सातवा डोळ्यांना दिसतच नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते हे असं.

तर आता पायरीपायरीने जाऊ. प्रोग्रामिंग वगैरे येत नसेल तरी चालेल, मलाही फारसं येत नाही.

पायरी १: आधी गोष्ट समजून घ्या, मग कीबोर्डला हात लावा

(घाई असेल तर पायरी २ वर उडी मारा, पण मग नंतर ‘हे असं का’ म्हणून विचारू नका.)

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, नंबर (म्हणजेच वर म्हटलेले ते कोड) साठवतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना मिळून नंबर देणारी जी पद्धत आहे ती युनिकोड. त्यात देवनागरीला ०९०० पासून ०९७एफ पर्यंत १२८ खोल्या दिल्यात, (हे सोळाच्या हिशोबातले आकडे आहेत म्हणून मधेच ए, बी, सी, डी अशी अक्षरं येतात, घाबरू नका). खोल्यांचा क्रम आपल्याकडच्या इस्की नावाच्या भारतीय स्टँडर्डवरून, म्हणजे त्याच्या १९८८ च्या रूपावरून घेतला, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये. य ची खोली ०९२एफ, र ची ०९३०, ल ची ०९३२, आपल्या लाडक्या ळ ची ०९३३. हलंताची, म्हणजे पाय मोडायच्या चिन्हाची, ०९४डी.

आता मुद्द्याची गोष्ट: जोडाक्षरांना खोली नाही. ‘क्ष’ म्हणून काही साठवलंच जात नाही, क, हलंत, ष असे तीन नंबर ओळीने साठवले जातात आणि स्क्रीनवर दाखवायच्या वेळी फॉन्ट त्यांचा ‘क्ष’ करतो. फॉन्ट म्हणजे तो आचारी, आपण फक्त शिधा द्यायचा.

मग र, हलंत, य हा शिधा दिला तर फॉन्ट काय करतो? रफार. य च्या डोक्यावर. सूर्य, कार्य, धैर्य, आर्य. हे बरोबरच आहे, हिंदी संस्कृतमध्ये एवढ्यावर भागतं. पण मराठीत र + य ची दोन जोडाक्षरं आहेत आणि दोन्ही लागतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. सूर्याने उजाडतं आणि सुऱ्याने भाजी चिरली जाते. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना ॲडव्हान्स, उलट झालं तर मांडवात दोघंही रुसतील.

उच्चार करून बघा, मोठ्याने. ‘दर्या’ म्हणताना द वर जोर येतो, र मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो, दर्-या. ‘दऱ्या’ म्हणताना द सुटा हलकाच राहतो, र पुढच्या य ला धरून येतो. कविता करणाऱ्यांना हे लगेच कळेल, दर्याच्या मात्रा चार आणि दऱ्याच्या तीन. म्हणजे हा फक्त दिसण्याचा मामला नाहीये, उच्चार वेगळा, मात्रा वेगळ्या, अर्थ वेगळा.

आणि हा अर्धा र कुठे कुठे येतो म्हणाल तर सगळीकडे. शेवटी री किंवा रा असलेल्या ढीगभर शब्दांना प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की हा हजर: शेतकरी-शेतकऱ्याला, कर्मचारी-कर्मचाऱ्यांचा, भाकरी-भाकऱ्या, वारा-वाऱ्यावर, चेहरा-चेहऱ्यावर, दुसरा-दुसऱ्या, बरा-बऱ्याच. शिवाय ह च्या आधी: वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, कऱ्हाड. आणि ऱ्हास, ऱ्हस्व यांच्यात तर शब्दाच्या सुरुवातीलाच. तिथे नुसता र, हलंत, ह दिला तर रफार ह च्या डोक्यावर चढून बसतो आणि आधी अक्षरच नसल्यामुळे तो वाचायचा कसा हे कुणालाच कळत नाही.

तर मग हा दुसरा आकार साठवायचा कसा? याची दोन उत्तरं आहेत आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

उत्तर एक. र च्या शेजारी ०९३१ या खोलीत ‘ऱ’ राहतो, खाली टिंब असलेला. हा मुळात मराठीसाठी ठेवलेलाच नाही! तमिळ-मल्याळमसारख्या द्राविडी भाषांमध्ये र चा एक वेगळा उच्चार आहे, तो देवनागरीत लिहून दाखवायचा असेल तर सोय म्हणून ही खोली. पण इस्कीमध्ये ठरलं की या टिंबवाल्या ऱ चं अर्ध रूप म्हणजे आपला वऱ्हाडातला अर्धा र, आणि युनिकोडने तेच उचललं. म्हणजे ऱ, हलंत, य असं दिलं की टिंब गायब होतं आणि ‘ऱ्य’ तयार होतो. एका द्राविडी अक्षराच्या खोलीत आपला शेतकरी भाड्याने राहतोय असं समजा, भाडं काही नाही.

उत्तर दोन. र, हलंत, मग एक न दिसणारं चिन्ह, मग य. या न दिसणाऱ्याचं नाव झिरो-विड्थ जॉइनर, नंबर २००डी. रुंदी शून्य, शाई शून्य, काम फक्त फॉन्टला चिमटा काढायचं की बाबा रे इथे रफार करू नको, अर्धा र कर. युनिकोडच्या नियमांत हा मार्ग आवृत्ती २.० शी जुळवून घ्यायला म्हणून ठेवलाय. नेपाळीत हा भरपूर वापरला जातो, तिकडे गर्‍यो, पर्‍यो पावलोपावली लागतं.

दोन्ही कायदेशीर आहेत. दोन्ही सेम दिसतात. पण माझं स्पष्ट मत, मराठीसाठी पहिला वापरा, दुसरा टाळा. कारण जॉइनर दिसत नाही म्हणून तो गळतो. कुठलीतरी वेबसाईट, कुठलातरी फॉर्म, कुठलंतरी सॉफ्टवेअर ‘हे काय फालतू अदृश्य कॅरेक्टर आहे’ म्हणून तो काढून टाकतं, आणि काढला की उरतं काय? र, हलंत, य. म्हणजे रफार. म्हणजे ‘शेतकर्यांना’. वर दिलेल्या यादीतला तिसरा प्रकार असाच जन्माला येतो, टाइप करणाऱ्याने बिचाऱ्याने बरोबर केलेलं असतं. ऱ वाल्या पद्धतीत गळण्यासारखं काही नसतंच, सगळी साधी अक्षरं.

चौथा प्रकार, शेतकऱयांना, हा हलंत विसरला की होतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करताना ऱ आला आणि हलंत गळला तरी हेच. पाचवा, शेतक-यांना, तर शुद्ध जुगाड आहे, अर्धा र सापडला नाही, डॅश तसाच दिसतो, टाक डॅश. ओळ संपताना हा शब्द डॅशवर तुटतो, ‘शेतक-’ वरच्या ओळीत आणि ‘यांना’ खालच्या, तेव्हा वाचणाऱ्याची काय दशा होते बघा कधीतरी.

पायरी २: टाइप करणे

विंडोजवर. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज, ॲड करून मराठी घ्या. नंतर विंडोजची खूण असलेलं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. यात जो नेहमीचा मराठी कीबोर्ड मिळतो तो इन्स्क्रिप्ट. सुरुवातीला शिव्या द्याल, नंतर त्याच्याशिवाय जमणार नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी जे च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. हलंत आहे डी वर. य आहे स्लॅशच्या कळीवर, तीच, उजवीकडे खाली प्रश्नचिन्हाची. म्हणजे ‘ऱ्य’ साठी: शिफ्ट-जे, डी, स्लॅश. तीन कळा, एवढंच! ह हवा असेल तर शेवटी स्लॅशच्या ऐवजी यू. चार-पाच वेळा दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यात, वाऱ्यावर असं करून बघा, बोटांना सवय होते. पहिली कळ दाबल्यावर खाली टिंबवाला ऱ दिसेल तेव्हा ‘चुकलं की काय’ वाटून लोक तिथेच खोडतात. खोडू नका. हलंत आणि य येईपर्यंत धीर धरा, टिंब आपोआप जातं.

कळा कुठे आहेत ते लक्षात राहत नसेल तर कंट्रोल, विंडोजचं बटण आणि ओ एकत्र दाबा, स्क्रीनवरच कीबोर्ड उघडतो, मराठी निवडलेलं असेल तर कळांवर मराठी अक्षरं दिसतात, शिफ्ट दाबून दुसरा थर पण बघता येतो. मी पहिले दोन आठवडे हाच उघडा ठेवून बसायचो.

मोबाईलवर. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करणारा कीबोर्ड असेल तर तो सुचवण्यांमध्ये बहुतेक वेळा पूर्ण शब्द बरोबर देतो, शेतकऱ्यांना, बऱ्याच वगैरे, तो निवडायचा. अडचण येते ती वेगळ्या शब्दांना, गावांच्या आणि आडनावांच्या नावांना. तेव्हा सरळ मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर जा आणि र वर बोट दाबून धरा, बऱ्याच कीबोर्डांत ऱ तिथे लपलेला असतो, नाहीतर शिफ्टसारख्या बाणाच्या दुसऱ्या थरात. नाहीच सापडला तर र आणि मग नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, असे दोन दाबले तरी चालतं. युनिकोडच्या नियमाने र + नुक्ता आणि ऱ हे एकच मानले जातात, हा जुगाड नाही, अधिकृत आहे.

आणखी एक सोय, फोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये पर्सनल डिक्शनरी असते, तिथे इंग्रजी आर-वाय असा शॉर्टकट ठेवून त्यापुढे ऱ्या टाकून ठेवा. मी ऱ्या, ऱ्यां आणि ऱ्ह अशा तीन नोंदी करून ठेवल्यात.

काहीच नाही आणि फक्त वर्ड आहे अशा परक्या कॉम्प्युटरवर? कीबोर्ड इंग्रजी ठेवून ०९३१ हे चार आकडे टाइप करा, लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा, आकड्यांच्या जागी ऱ येईल. मग ०९४डी आणि परत ऑल्ट-एक्स, हलंत. मग ०९२एफ, य. आकडे इंग्रजी कळांचेच हवेत, मराठी आकडे दिले तर काही होत नाही. सायबर कॅफेत बसून या पद्धतीने एकदा अख्खा अर्ज लिहिलाय मी, कुणाला सुचवणार नाही पण अडल्यावेळी चालतं.

पायरी ३: आलं ते बरोबर आलं का ते बघणे

सगळ्यात सोपी तपासणी बॅकस्पेसची. कर्सर ‘दऱ्या’ च्या शेवटी ठेवा आणि सावकाश एकेक बॅकस्पेस मारा. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच कोड जातो. आधी काना जाईल, मग य जाईल, मग हलंत जाईल, आणि मग जर ‘दऱ’ उरला, खाली टिंब असलेला, तर तुमचं लिहिणं पहिल्या पद्धतीचं आहे. आणि जर मधे एखादी बॅकस्पेस वाया गेल्यासारखी वाटली, म्हणजे अक्षर एकही कमी झालं नाही, फार तर र चं रूप पालटलं, आणि शेवटी साधा ‘दर’ उरला, तर तिथे जॉइनर होता. काही मोबाईल कीबोर्ड अख्खं जोडाक्षर एकदम उडवतात, तिथे ही युक्ती चालत नाही, कॉम्प्युटरवर करा.

भरपूर मजकूर असेल तर शीट वापरा. ए१ सेलमध्ये शब्द ठेवा आणि शेजारी लेन नावाचं फंक्शन लावा, एल-ई-एन. ते कोड मोजून सांगतं. शेतकऱ्यांना हे ११ यायला पाहिजे: श, मात्रा, त, क, ऱ, हलंत, य, काना, अनुस्वार, न, काना. जॉइनरवालं १२ येईल. डॅशवालं आणि हलंत गळलेलं १० येईल. रफारवालं मात्र ११ च येतं, ते मोजून सापडत नाही, पण ते डोळ्यांना दिसतं त्यामुळे ठीक आहे.

अजून खोलात जायचं तर मिड आणि युनिकोड ही दोन फंक्शनं जोडून लावा, आतमध्ये मिड, त्यात ए१, पाच, एक, आणि बाहेरून युनिकोड. म्हणजे ‘पाचवा कोड उचल आणि त्याचा नंबर सांग’. इथे नंबर साध्या दहाच्या हिशोबात येतो. २३५३ आला तर ऱ, शाब्बास. २३५२ आला तर साधा र. ४५ आला तर डॅश. साधा र आला असेल तर सातवा कोड बघा, तो ८२०५ असेल तर तेच ते जॉइनर महाशय, २३५१ असेल तर य, म्हणजे रफाराचा प्रकार.

हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्या ८२०५ कडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. दिसत नव्हता, पण होता.

(एसएमएसवाल्यांसाठी: मराठी मेसेजमध्ये एका एसएमएसला ७० कोडच मिळतात, इंग्रजीला १६०, त्यामुळे ‘शेतकऱ्यांना’ या एका शब्दातच ११ खर्च होतात. संस्थेकडून बल्क मेसेज पाठवत असाल तर जॉइनरचे पण पैसे पडतात हे लक्षात ठेवा.)

आता कुणी म्हणेल, माझ्या ब्राउझरमध्ये तर कंट्रोल-एफ केलं की दोन्ही सापडतात. बरोबर आहे, काही सर्च हुशार असतात, न दिसणारी चिन्हं सोडून देतात, टिंबाचा फरक पण माफ करतात. काही नसतात. तुमची फाईल उद्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जाईल ते तुमच्या हातात नाही.

पायरी ४: जुना मजकूर साफ करणे

इथे घाई केली तर आहे त्यापेक्षा जास्त घाण होते, मी केलीय. म्हणून आधी फाईलची कॉपी काढा. काढली? खरंच काढा.

पहिल्यांदा जॉइनर. र, हलंत, जॉइनर ही तिन्ही एकत्र शोधायची आणि त्यांच्या जागी ऱ, हलंत टाकायचे. शीटमध्ये सबस्टिट्यूट फंक्शन आहे, त्यात शोधायच्या जागी युनिचार फंक्शनने २३५२, २३८१, ८२०५ जोडून द्या आणि बदल म्हणून २३५३, २३८१. मराठी मजकुरात हा बदल डोळे मिटून करता येतो. पण मजकूर नेपाळी असेल तर हात लावू नका, त्यांची ती पद्धत आहे.

आणि कृपा करून ‘सगळेच जॉइनर उडवून टाकू’ असं करू नका. एक म्हणजे र पुढचे आधी बदलले नसतील तर सगळीकडे रफार चढतील. दुसरं म्हणजे जॉइनर बाकी ठिकाणी पण कामाला असतो, जोडाक्षर न करता अर्धं अक्षर दाखवायला वापरतात. आणि तिसरी गंमत, इमोजी! ते आई-बाबा-मुलं एकत्र असलेलं कुटुंबाचं इमोजी असतं ना, ते वेगवेगळी माणसं जॉइनरने जोडून बनवलेलं असतं. जॉइनर काढला की कुटुंब फुटून सगळे वेगवेगळे उभे राहतात. आमच्या सभासदांच्या ग्रुपचे मेसेज साफ करताना मी तीन संसार मोडलेत.

दुसऱ्यांदा, ऱ च्या लगेच पुढे हलंताशिवाय य किंवा ह असेल तर मधे हलंत घालायचा. मराठीत ‘ऱय’ असं सुटं काही नसतं, त्यामुळे हा पण बिनधास्त.

तिसऱ्यांदा डॅशवाले, आणि इथून पुढे एकेक बघून. ‘-या’ शोधलं की दुस-या, ब-याच, शेतक-यांना सापडतील पण खरे डॅश पण असतात, कुणी ‘तो-या-ती’ असं काही लिहिलेलं असतं, सगळ्यांवर नांगर फिरवू नका. ‘-ह’ ला तर अजून जपून.

शेवटी रफारवाले. हे मशीनवर सोडायचंच नाही. र्य चं सरसकट ऱ्य केलं तर सूर्याचा सूऱ्य होईल, कार्यालयाचं काऱ्यालय, आणि आचार्य जाऊन पंगतीत वाढायला उभे राहतील. नेहमीच्या शब्दांची छोटी यादी करा, शेतकर्या, कर्मचार्या, दुसर्या, तिसर्या, बर्याच, वार्या, चेहर्या, तेवढेच एकेक करून बदला, उरलेले वाचताना सापडतील तसे. आमच्या यादीत मला शेवटचा ‘खोर्यातील’ सापडायला महिना लागला.

जुन्या फॉन्टमधला मजकूर, म्हणजे फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची भेसळ दिसते तो, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजीच्या नंबरांवर मराठी आकार चिकटवलेले असायचे, प्रत्येक फॉन्टचा हिशोब वेगळा. कन्व्हर्ट केल्यावर सगळ्यात आधी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेली दोन-चार वाक्यं तपासा, कन्व्हर्टर चांगला की वाईट ते तिथेच कळतं.

पायरी ५: हातासरशी ‘ॲ’ पण बघून घ्या

तोच आजार, दुसरा रुग्ण. ॲप, ॲसिड, वकिलांच्या नावाआधीचं ॲड. हे अक्षर मराठीला लागतं, महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला त्यात ॲ आणि ऑ दोन्ही आहेत. पण युनिकोडमध्ये ॲ ला स्वतःची खोली मिळाली २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये, नंबर ०९७२. ऑ आधीपासून होता, ॲ च नव्हता! १९९१ पासूनची मधली सतरा वर्षं लोकांनी काय करायचं? कुणी अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवला, अॅ. काही ठिकाणी असं केलं की मधे टिंबांचं गोल वर्तुळ यायचं, म्हणून कुणी मधे परत आपला तोच जॉइनर कोंबला, अ‍ॅ. आणि कुणी हिंदीवाला ऍ घेतला, तो मुळात ए वरचा चंद्र आहे, मराठी डोळ्याला खटकतो.

म्हणजे एका ‘ॲप’ ची चार रूपं, आणि ऱ सारखी इथे नुक्त्याची सवलत पण नाही, अ + चंद्र हे ॲ च्या बरोबरीचं मानलं जात नाही. लेन लावून बघा: ॲप २, अॅप ३, अ‍ॅप ४. ऍप पण २ येतं पण ते दिसतंच वेगळं. साफ करताना आधी अ-जॉइनर-चंद्र, मग अ-चंद्र, दोन्हींचं ॲ करा, शीटमध्ये त्याचा नंबर २४१८. ऍ चं ॲ पण मराठी मजकुरात सरसकट करता येतं. कीबोर्डवर सापडत नसेल तर मोबाईलवर अ दाबून धरा, वर्डमध्ये ०९७२ आणि ऑल्ट-एक्स.

एक गोष्ट मात्र या यादीत नाही, ती लोक मला हमखास विचारतात. ‘माझा ल आणि श हिंदीसारखा दिसतो, कोड चुकला का?’ नाही. मराठी ल आणि हिंदी ल यांचा नंबर एकच, श चा पण एकच. आकार फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टांमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून सेट केलेली असेल तर मराठी आकार येतो. वर्डमध्ये सगळं सिलेक्ट करून प्रूफिंग लँग्वेज मराठी करा, वेबपेज असेल तर पेजची भाषा मराठी म्हणून लिहा. तरी नाही आला तर फॉन्ट बदला, टाइप केलेलं खोडून परत टाइप करत बसू नका, काही फरक पडत नाही.

आता सराव. हे वाक्य न बघता टाइप करा आणि बॅकस्पेसने तपासा: ‘दुसऱ्या ॲम्ब्युलन्समधून आचार्यांना आणि तिसऱ्या टेम्पोतून आचाऱ्यांना वऱ्हाडात आणा.’ यात चार ऱ आले पाहिजेत, एक रफार आणि एक ॲ. रफार एकच हां, दोन आले तर पायरी २ परत.